‘विकास हवा की पर्यावरण?’ असा प्रश्न सर्वेक्षणात विचारावा का?

सडाकाठ

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर आणि संगमेश्वर तालुक्यांत आमचा विद्यार्थ्यांचा गट लोकमताचं सर्वेक्षण करणार आहे. आर्थिक वाढ, विषमता आणि पर्यावरण याबद्दल लोकांची राजकीय मतं काय आहेत, हा विषय. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा (ठरावीक गावांत खाणी, मोठी बांधकामं यांवर बंधनं आणणारी केंद्राची प्रस्तावित अधिसूचना), रिफायनरी, जांभा दगडाच्या चिरेखाणी यावर गावोगाव बोललं जातं, पण सभेत चार माणसं बोलतात तेच गावाचं मत म्हणून छापून येतं.

३० गावं, प्रत्येकी २० माणसं, म्हणजे ६०० मुलाखती. १० सर्वेक्षक, कागदी फॉर्म, मे महिना. मुलाखत २५ मिनिटांच्या आत संपायला हवी. मुख्य प्रश्न सध्या असे आहेत:

१. तुम्हाला विकास हवा की पर्यावरणाचं रक्षण?
२. श्रीमंत आणि गरीब यांच्यातली दरी कमी व्हावी असं तुम्हाला वाटतं का?
३. पश्चिम घाट अहवालाला तुमचा पाठिंबा आहे का?

प्रश्न बरोबर आहेत का? माणसं कशी निवडायची? आणि आकडे आल्यावर त्यातून किती ठामपणे बोलता येईल?

प्रश्नचिन्ह

तिन्ही प्रश्न बदला. कारणं एकेक करून सांगतो, कारण पुढचे प्रश्न बनवतानाही तीच लागतील.

पहिला प्रश्न जगभर विचारला जातो. जागतिक मूल्य सर्वेक्षणात दोन विधानं वाचून दाखवतात: वाढ मंदावली आणि काही नोकऱ्या गेल्या तरी पर्यावरणाला प्राधान्य द्यावं, किंवा पर्यावरणाला थोडा फटका बसला तरी वाढ आणि रोजगाराला प्राधान्य द्यावं. तिसरं काही उत्तर आलं तर ते नोंदतात, पण वाचून दाखवत नाहीत. अमेरिकेत गॅलप ही मतचाचणी संस्था अशाच धर्तीचा प्रश्न १९८४ पासून विचारते आहे. पंचवीस वर्षं तिथे पर्यावरणाचं पारडं जड होतं. मार्च २००९ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, पहिल्यांदा ते उलटलं: वाढीच्या बाजूने ५१ टक्के, पर्यावरणाच्या बाजूने ४२. एवढ्यात काही लोकांची मूल्यं बदलली नव्हती, नोकरीची धास्ती वाढली होती. म्हणजे हा प्रश्न मूल्यांइतकीच त्या महिन्याची आर्थिक हवा मोजतो. देशादेशांची किंवा वर्षावर्षांची तुलना करायला तो उपयोगी आहे. एका तालुक्यात एकदाच विचारून हाती फारसं लागत नाही.

कोकणात त्याहून मोठी अडचण आहे. पर्यावरण राखलं की रोजगार जातो, हे प्रश्नातच गृहीत धरलेलं आहे. खाडीत जाळं टाकणाऱ्याचा रोजगार म्हणजेच खाडीचं पाणी. हापूसच्या बागायतदाराचं तसंच. त्यांना दोन्ही पर्याय चुकीचे वाटतात, मग ते ‘दोन्ही हवं’ म्हणतात, सर्वेक्षक ते ‘इतर’मध्ये टाकतो, आणि ज्यांचं म्हणणं सर्वांत महत्त्वाचं तेच तक्त्यातून गळतात. रामचंद्र गुहा आणि जोन मार्तिनेझ-आलिये या अभ्यासकांनी गरिबांच्या पर्यावरणवादाबद्दल जे मांडलं त्याचा गाभा हाच आहे: पोट भरल्यावर सुचणारी ही काळजी नाही, पोटाचीच आहे.

दुसऱ्या प्रश्नाला जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतील. फुकटचा ‘हो’ आहे तो, आणि समोरच्या शिकलेल्या मुलाला बरं वाटावं म्हणूनही दिला जातो. कुणाकडून घेऊन कुणाला द्यायचं हे प्रश्नात नसेल तर त्यातून राजकीय मत कळत नाही.

तिसऱ्यात तर दोन अहवाल एकात मिसळले आहेत. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तिने सगळा पश्चिम घाट, म्हणजे सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर, तीन श्रेणींत विभागला आणि ग्रामसभांना निर्णयात जागा द्यायला सांगितलं. कस्तुरीरंगन गटाचा अहवाल एप्रिल २०१३ चा. त्यात सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील धरला होता. केंद्राचे मसुदे या दुसऱ्या अहवालावर आधारलेले आहेत. पहिला मार्च २०१४ चा, सहावा ३१ जुलै २०२४ चा; त्यात सहा राज्यांत मिळून सुमारे ५६,८२६ चौरस किलोमीटर, पैकी महाराष्ट्रात १७,३४०. ‘अहवालाला पाठिंबा’ म्हणजे यातल्या कशाला?

आता बदल. एकच मोठा प्रश्न टाकण्याऐवजी छोटा प्रसंग वाचून दाखवा आणि त्यातले तपशील फॉर्मगणिक बदला. उदाहरणार्थ (सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार):

‘गावाच्या सड्यावर नवी चिरेखाण सुरू करायचा प्रस्ताव आहे. खाण (गावातल्याच माणसाची / बाहेरच्या कंपनीची) असेल. गावातल्या ३० जणांना काम मिळेल. उत्पन्नातून ग्रामपंचायतीला (काहीच मिळणार नाही / १० टक्के मिळतील / ३० टक्के मिळतील). विहिरींचं पाणी उन्हाळ्यात (आहे तसंच राहील / एक महिना आधी आटेल). परवानगी द्यावी की देऊ नये?’

दोन गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे १२ प्रकारचे फॉर्म, प्रत्येकी ५०. बाराही गट एकमेकांशी ताडू नका, ५० माणसांत काही दिसत नाही. एका वेळी एकच तपशील घ्या: बाहेरची कंपनी ३०० विरुद्ध गावातला मालक ३००, वाट्याच्या तिन्ही पातळ्यांना २००-२००. मालकी, वाटा आणि पाणी यांपैकी कशाने मत जास्त हलतं हे यातून कळतं. आणि ‘विकास हवा का’ हा शब्दसुद्धा न काढता वाढ, विषमता, पर्यावरण या तिन्हींबद्दलचं मत एका प्रसंगातून मिळतं.

कुठला फॉर्म कुणाला, हे सर्वेक्षकाने ठरवायचं नाही. छपाईआधीच १ ते ६०० क्रमांकांवर १२ प्रकार चिठ्ठ्या टाकून वाटा, प्रत्येक गावाच्या गठ्ठ्यात सगळे प्रकार येतील असं बघा, आणि गठ्ठा वरून खाली त्याच क्रमाने वापरायला सांगा. ‘ह्या आजींना सोपा फॉर्म देऊ’ असं एकदा जरी झालं तरी प्रयोग बिघडतो.

कलमीबाग

पश्चिम घाटाच्या मसुद्याबद्दल एक भर. मसुद्यात काय आहे हे लोकांना माहीत आहे का, ते आधी तपासायला हवं. नाहीतर तुम्ही अफवेबद्दलचं मत मोजाल. पाच विधानं पुरेत, उत्तर ‘बरोबर / चूक / माहीत नाही’:

नव्या खाणींना बंदी येईल. (बरोबर)
सध्याच्या खाणी ५ वर्षांत किंवा त्याआधी भाडेपट्टा संपला तर तेव्हा बंद होतील. (बरोबर)
राहत्या घराची दुरुस्ती करता येणार नाही. (चूक)
आंबा-काजूची लागवड थांबवावी लागेल. (चूक)
२०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या नव्या बांधकाम प्रकल्पांना बंदी येईल. (बरोबर)

क्रम महत्त्वाचा. आधी ‘तुमच्या गावाला हा मसुदा लागू व्हावा का’, मग ही पाच विधानं, मग चार ओळींत मसुद्यातल्या तरतुदी वाचून दाखवायच्या, मग तोच पहिला प्रश्न पुन्हा. दोन उत्तरांतला फरक हा तुमचा सर्वांत मोलाचा आकडा असेल. विधानं आधी वाचली तर ती ऐकूनच मत बनतं आणि हा फरक हरवतो.

आणि विरोध करणाऱ्याला लगेच ‘विकासवादी’ खात्यात टाकू नका. खूपदा विरोध जंगल राखण्याला नसतो, ते कोण राखणार याला असतो. त्यासाठी निम्म्या फॉर्मात ‘नियमांचा अंमल ग्रामसभा करेल’ आणि निम्म्यात ‘नियमांचा अंमल वनखातं करेल’ असं छापा, बाकी शब्द तंतोतंत सारखे. शिवाय भरवशाचे प्रश्न वेगळे हवेत: ग्रामपंचायत, तहसील, वनखातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ, खाजगी कंपनी, यांपैकी प्रत्येकावर ‘पूर्ण / बराच / थोडा / अजिबात नाही’. हा भाग वगळलात तर पर्यावरणाबद्दलची नाराजी आणि सरकारबद्दलची नाराजी यांची सरमिसळ होईल आणि ती नंतर कुठल्याही गणिताने सुटणार नाही.

यादीभाग

माणसं निवडण्याबद्दल लिहितो.

मतदार याद्या घ्या. दोन्ही तालुक्यांतल्या गावांची यादी, समोर मतदारसंख्या, शेजारी चढती बेरीज. एकूण बेरजेला ३० ने भागा, तो झाला टप्पा. एक ते टप्पा यांमधला कुठलाही आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून टप्प्याटप्प्याने पुढे जा. ज्या गावात आकडा पडेल ते गाव तुमचं. मोठ्या गावाला निवडून येण्याची संधी जास्त, पण आत सगळीकडून सारखीच माणसं घ्यायची, त्यामुळे प्रत्येक मतदाराची संधी समान राहते. गावातही तसंच: यादीतली नावं भागिले ३०, आणि त्या अंतराने ३० नावं काढा. तीसच्या तीस नावांकडे जा, त्यातून २० च्या आसपास मुलाखती होतील. वीस झाल्या म्हणून थांबू नका, कारण पहिल्या फेरीत घरी सापडणारी माणसं एका विशिष्ट प्रकारची असतात. नाव सापडलं नाही तर शेजारच्याला घ्यायचं नाही. तीन वेळा जायचं, वेळ बदलून, आणि शेवटी कारण लिहायचं: मुंबईला, स्थलांतरित, मयत, नकार, भेट नाही.

याद्या न घेता ‘गावात जाऊन २० जणांना विचारा’ असं सांगितलंत तर काय होईल ते ठरलेलं आहे. सर्वेक्षक एसटी थांब्यावर, देवळाशेजारी, दुकानासमोर बसेल. वीसपैकी पंधरा पुरुष, बहुतेक एकाच मोठ्या वाडीतले. बौद्धवाडी, धनगरवाडी, खाडीकाठची कोळ्यांची घरं यादीत राहतील पण फॉर्मात नाहीत. विषमतेबद्दलच्या सर्वेक्षणात हीच माणसं गळाली तर उरलं काय?

मे महिन्याचा विचार पुन्हा करा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबई-पुण्याकडे आहेत. मे महिन्यात चाकरमानी गावी येतो. त्याचं मत घ्यायचं नाही असं नाही, त्याची जमीन इथे आहे. पण त्याचा पगार तिकडे आहे, आणि आटलेल्या विहिरीवर घागर घेऊन वर्षभर तो उभा राहत नाही. ‘गेल्या १२ महिन्यांत या घरात किती महिने राहिलात’ हा प्रश्न फॉर्मच्या पहिल्या पानावर टाका. जमलं तर काम नोव्हेंबर-डिसेंबरात करा: भातकापणी झालेली असते, आंब्याची घाई सुरू व्हायची असते.

आता ठामपणाचं. ६०० जण सुटे सुटे निवडले असते तर टक्केवारीत ४ ची उणेअधिक चूक. पण तुम्ही एका गावातून २० घेताय आणि एका गावातली माणसं एकमेकांसारखा विचार करतात. हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळे एकसारखे) ०.०५ धरलं तरी १ + (१९ × ०.०५) = १.९५. सहाशेला १.९५ ने भागा: ३०८. म्हणजे तुमचे ६०० हे खऱ्या अर्थाने ३०८ माणसांइतके, आणि चूक सुमारे ५.६ टक्क्यांची. खाणीसारख्या प्रश्नावर गावातलं साम्य याहून जास्त असू शकतं. गावं ४० करून प्रत्येकी १५ घेतलीत तर हाच गुणक १.७ वर येतो. प्रवासखर्च वाढतो, पण परवडत असेल तर हेच करा.

प्रसंगाच्या प्रश्नांना हा गावाचा फटका फारसा बसत नाही, कारण एकाच गावात सगळे प्रकार वाटलेले असतात. तिथे ३०० विरुद्ध ३०० मध्ये साधारण ११ टक्क्यांचा खरा फरक असेल तर तो भरवशाने सापडेल. चार-पाच टक्क्यांचा फरक दिसला तर त्यावर मथळा काढू नका.

सडाकाठ

खूप उपयोग झाला. नोव्हेंबरचं पटलं. दोन शंका. मसुद्याच्या यादीतली गावं थोडी आहेत, ती निवडीत पुरेशी येणार नाहीत. १५ गावं यादीतली आणि १५ बाहेरची घेतली तर चालेल का? दुसरं, विषमतेसाठी कुठले प्रश्न घालू? उत्पन्न विचारलं तर कुणी खरं सांगत नाही.

यादीभाग

चालेल, पण भार द्यावा लागेल, म्हणजे नमुन्यात जास्त आलेल्यांचा फॉर्म कमी मोजायचा आणि कमी आलेल्यांचा जास्त. समजा यादीतल्या गावांत एकूण मतदारांपैकी २० टक्के राहतात आणि नमुन्यात ते ५० टक्के आहेत. मग त्यांच्या प्रत्येक फॉर्मला ०.२० भागिले ०.५० म्हणजे ०.४, आणि बाहेरच्यांना ०.८० भागिले ०.५० म्हणजे १.६. दोन गटांची तुलना करताना भार नको. ‘दोन तालुक्यांतले एकूण इतके टक्के’ म्हणताना हवाच. याची किंमतही आहे: भारामुळे आणखी १.३६ ने भागावं लागतं, तुमचे ६०० आता २२६ इतके उरतात आणि एकूण आकड्यातली चूक साडेसहा टक्क्यांवर जाते. तुलना हा मुख्य हेतू असेल तर हा सौदा योग्य आहे.

पायरीपायरी

विषमतेचे तीन वेगळे प्रश्न आहेत: विषमता किती आहे असं वाटतं, किती असावी असं वाटतं, आणि ती कमी करायला काय सोसायची तयारी आहे. बहुतेक प्रश्नावल्या तिन्ही एकत्र करतात.

पहिल्यासाठी चित्रं वापरा. आंतरराष्ट्रीय सामाजिक सर्वेक्षण कार्यक्रमाच्या विषमतेवरच्या फेरीत समाजाच्या पाच आकृत्या दाखवतात: वर चिमूटभर, मध्ये जवळजवळ कुणी नाही आणि खाली प्रचंड गर्दी, साधा त्रिकोण, मध्ये फुगलेली, वरच जास्त लोक असलेली, वगैरे. ‘आपला तालुका यातल्या कुठल्या चित्रासारखा आहे, आणि कसा असायला हवा?’ अक्षरओळख नसलेल्यालाही हे जमतं. त्याच फेरीत दहा पायऱ्यांची शिडीही असते: तुम्ही कुठल्या पायरीवर? तुम्ही त्याला जोडून ‘वडील तुमच्या वयाचे असताना कुठल्या पायरीवर होते’ आणि ‘तुमची मुलं कुठल्या पायरीवर असतील’ हेही विचारा. मुलांची पायरी वर जाईल असं वाटणारा माणूस वाढीबद्दल वेगळा विचार करतो.

दुसऱ्यासाठी मजुरी विचारा: काजू कारखान्यातल्या बाईला महिन्याला किती मिळत असतील, किती मिळायला हवेत? चिरेखाणीवरचा कामगार? कारखान्याचा मालक? तहसीलदार? प्रत्येकाचं ‘असावं’ आणि ‘आहे’. मग माणसागणिक सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्याचं गुणोत्तर काढा. सरासरी काढू नका, एखादा मालकाला महिन्याला पन्नास लाख सांगतो आणि सरासरी आभाळाला भिडते. मधला आकडा, म्हणजे मध्यक, घ्या.

तिसऱ्यासाठी १० काजूबिया हातात द्या. समोर पाच कागद: पाणी, दवाखाना, रस्ता, गावात रोजगार, जंगल आणि सडा. ‘पंचायतीकडे एवढेच पैसे आहेत, कसे वाटाल?’ ‘सगळंच महत्त्वाचं’ हे उत्तर इथे देता येत नाही, पण वाटणीत ते दाखवता येतं. सहसा दोन मिनिटं लागतात आणि लोक मन लावून करतात.

उत्पन्नाऐवजी मालमत्ता नोंदवा: जमीन (स्वतःची, कुळाची, सामायिक), हापूसची लागती कलमं किती, विहीर किंवा बोअर स्वतःची की सामायिक, दुचाकी, मुंबईहून पैसे येतात का आणि वर्षातून किती महिने. सातबारावर सामायिक नावं खूप असतात, म्हणून ‘नावावर’ नको, ‘कसता किती’ विचारा.

मूल्य सर्वेक्षणातला विषमतेचा दहा आकड्यांचा प्रश्न उचलणार असाल तर सावध. एका टोकाला ‘उत्पन्नं अधिक समान व्हावीत’ आहे. दुसऱ्या टोकाचं वाक्य आधी ‘मेहनतीला उत्तेजन म्हणून उत्पन्नात जास्त फरक हवेत’ असं होतं, सातव्या फेरीत ते ‘मेहनतीला जास्त उत्तेजन मिळावं’ असं झालं. फरकाचा उल्लेखच गेला. त्यामुळे जुन्या आणि नव्या फेऱ्या शेजारी ठेवून ‘लोकांना समानता नकोशी झाली’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

अहवालाच्या प्रस्तावनेत देशाची विषमता सांगताना आकडे मिसळू नका. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात गिनी गुणांक (० म्हणजे पूर्ण समानता, १ म्हणजे टोकाची विषमता) ग्रामीण भागात ०.२३७ आणि शहरी भागात ०.२८४ आहे. तो खर्चाचा आहे. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा थोडाच भाग खर्च करतो, आणि फार श्रीमंत माणूस सर्वेक्षकाला भेटत नाही. जागतिक विषमता प्रयोगशाळेने २०२२-२३ साठी वरच्या १ टक्क्याकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा काढला, तो करविवरणं आणि राष्ट्रीय हिशेब जोडून. दोन्ही आकडे आपापल्या जागी वापरण्याजोगे आहेत. ‘विषमता कमी आहे’ म्हणणारा पहिला उचलतो, ‘वाढली’ म्हणणारा दुसरा.

गावकी

मला यातल्या एका गोष्टीची काळजी वाटते. ६०० जणांचं मत छापून आलं की कंपनी किंवा विरोधक, ज्याला सोयीचं तो ते घेऊन फिरेल. निर्णय ग्रामसभेत व्हायला हवा, टक्केवारीने नव्हे. जनसुनावणी त्यासाठीच असते.

प्रश्नचिन्ह

निर्णय ग्रामसभेचाच, याबद्दल दुमत नाही. पण कुठली जागा काय मोजते ते बघा. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाहून खाली नसलेला प्रतिनिधी अध्यक्ष असतो, आणि आक्षेप इतिवृत्तात नोंदले जातात. तिथे मतदान नसतं. प्रकल्पाचा फटका बसेल त्याने येऊन आक्षेप नोंदवावा यासाठी ती आहे, एकूण गावाचं मत तिथून निघत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. दीड हजार मतदारांच्या गावात १०० जण पुरतात. कोण येऊ शकलं नाही हे सभेला दिसत नाही, यादीवरून केलेल्या सर्वेक्षणाला दिसतं. म्हणून सर्वेक्षणाचे निकाल ग्रामसभेपुढे ठेवा, ग्रामसभेऐवजी नाही.

तुमची काळजी मात्र रास्त आहे. तीन बंधनं घाला: गावनिहाय टक्केवारी छापायची नाही (२० माणसांत ओळख पटते आणि चूकही २० टक्क्यांच्या वर जाते), प्रश्नांचे शब्द जसेच्या तसे निकालासोबत द्यायचे, आणि पैसा कुणाचा ते पहिल्या पानावर लिहायचं.

तराजू

‘सोसायची तयारी’ यावर पायरीपायरी यांनी लिहिलं त्याला जोडून. किंमत आणि ती कोण भरणार हे प्रश्नात नसेल तर पाठिंबा नेहमी फुगलेला दिसतो, आणि प्रत्यक्ष वेळ आली की कोसळतो.

फ्रान्समध्ये इंधनावरचा कार्बन कर २०१८ मध्ये टनाला ४४.६० युरो होता, जानेवारी २०१९ पासून ५५ व्हायचा होता. त्याच २०१८ मध्ये जुना संपत्ती कर काढून फक्त स्थावर मालमत्तेवर ठेवला गेला. गावाकडे गाडीशिवाय कामावर जाता न येणाऱ्यांनी हे दोन निर्णय शेजारी ठेवून बघितले. नोव्हेंबरात पिवळ्या जाकिटांचं आंदोलन उभं राहिलं आणि डिसेंबरात वाढ मागे घ्यावी लागली. स्वित्झर्लंडसारख्या सुस्थितीतल्या देशात १३ जून २०२१ ला कार्बन कायदा ५१.६ टक्के मतांनी पडला. कॅनडात २०१९ पासून करातला बहुतेक पैसा कुटुंबांना परत दिला जात होता, तरी कर पंपावर दिसायचा आणि परतावा खात्यात गुपचूप जमा व्हायचा. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा हा कर शून्यावर आणला गेला. आपल्याकडे कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये उपकर लागला आणि २०१६ पर्यंत तो ४०० झाला. तो वीजबिलावर वेगळी ओळ म्हणून येत नव्हता. दिसणारी आणि न दिसणारी किंमत यांत लोकांच्या मतात एवढं अंतर पडतं.

म्हणून तुमच्या प्रश्नात आकडा टाका: ‘खाडीचं प्रदूषण थांबवायला प्रक्रिया केंद्र हवं. त्यासाठी (प्रत्येक घराने महिन्याला ५० रुपये / फक्त कारखान्यांनी / ज्याची जमीन जास्त त्याने जास्त) द्यावेत. मान्य आहे का?’ तीन प्रकार, २००-२००. विषमतेबद्दलचं खरं मत इथे बाहेर येतं.

आणि घराची उपजीविका बारकाईने नोंदवा. ‘शेती’, ‘नोकरी’, ‘व्यवसाय’ एवढ्याने भागत नाही. गोव्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिज उत्खनन थांबवलं, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. खाणपट्ट्यातल्या एकाच गावात कर्ज काढून ट्रक घेतलेला मालक, बार्जवरचा कामगार आणि शेतात खाणीची माती वाहून आलेला शेतकरी असे तिघे शेजारी राहतात. जात, वय, शिक्षण सारखं असूनही त्यांची मतं वेगळी पडतात, कारण खाण सुरू राहिली तर कुणाचा हप्ता फिटतो आणि कुणाचं भात जातं हे वेगळं आहे. तुमच्याकडे खाणीवर दगड कापणारा, चिरा वाहणाऱ्या ट्रकचा मालक, खाणीला जमीन भाड्याने दिलेला आणि खाणीखालच्या उतारावर बाग असलेला असे चार वेगळे संकेतांक ठेवा.

यादीभाग

पक्षाचा प्रश्न राहिला. तो अगदी शेवटी, आणि तोंडी नको. लोकनीती या संशोधन गटाची निवडणूक सर्वेक्षणं करतात तसं: चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका, माणसाने स्वतः खूण करायची, घडी घालून बंद डब्यात टाकायची. फॉर्मचा क्रमांक मतपत्रिकेमागे लिहिलेला असतो, तो असल्याचं माणसाला आधी सांगा. नाणार रिफायनरीची अधिसूचना २०१७ ची, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर ती रद्द झाली. पुढे बारसूचं नाव आलं आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या माती परीक्षणाला मोठा विरोध झाला. या काळात पक्षांच्या भूमिका हलल्या आहेत. म्हणून पक्षावरून मत ओळखू नका, आणि ‘तुमच्या पक्षाची यावर भूमिका काय आहे’ हेही विचारा. माणूस पक्षामागे जातोय की स्वतःच्या विहिरीमागे, ते त्यावरून कळतं.

‘माहीत नाही’, ‘सांगायचं नाही’ आणि ‘प्रश्न विचारलाच नाही’ यांना तीन वेगळे संकेतांक द्या: ९७, ९८, ९९. स्त्रियांच्या फॉर्मात ‘माहीत नाही’ जास्त आलं तर आधी बघा, मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण बसलं होतं. त्याचीही चौकट फॉर्मवर ठेवा. दहापैकी निम्म्या सर्वेक्षक मुली असू द्या, आणि स्त्रियांची मुलाखत त्यांनीच घ्यावी.

छपाईआधी निवडीबाहेरच्या दोन गावांत, एक घाटाकडचं आणि एक खाडीकाठचं, मिळून २५-३० मुलाखती करून बघा. ज्या प्रश्नाला ‘म्हणजे काय?’ असं तिघांनी विचारलं तो पुन्हा लिहा. ज्याला दहापैकी नऊ जणांनी एकच उत्तर दिलं तो काढून टाका. मुलाखत ३५ मिनिटांवर गेली तर भरवशाचे प्रश्न पाचाचे तीन करा, पण मसुद्याची पाच विधानं आणि राहण्याचे महिने कापू नका.

सडाकाठ

मसुद्याचा प्रश्न आधी आणि नंतर असा दोनदा विचारला तर लोक ‘आत्ताच सांगितलं ना’ म्हणून वैतागतील. मध्ये काय ठेवू?

कलमीबाग

काजूबियांची वाटणी तिथे टाका. हाताला काम मिळतं, दोन-तीन मिनिटं जातात, आणि दुसऱ्यांदा विचारताना वाक्य असं ठेवा: ‘मगाशी आपण मसुद्याबद्दल बोललो. आता या तरतुदी ऐकल्यावर तुमच्या गावाला तो लागू व्हावा, होऊ नये, की काही बदल करून व्हावा?’ ‘बदल करून’ हा पर्याय पहिल्या वेळेलाही द्यायचा, नाहीतर दोन उत्तरं ताडता येणार नाहीत. आणि कुठला बदल, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला फॉर्मवर तीन रिकाम्या ओळी सोडा.